मामाचा हात का उडायचा?

मामाच्या हातातला चहा सांडायला लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याची चेष्टाच केली. सदाशिव पेठेतलं घर, सकाळी सातचा चहा, तो बशीत ओतून पिण्याची जन्मभराची सवय, आणि मध्येच उजवा हात असा काही उडायचा की बशी गेलीच. त्याच क्षणी तोंडाची उजवी बाजूही किंचित वाकडी व्हायची. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. मग काही झालंच नाही अशा थाटात मामा पेपर उघडायचा. वय चौसष्ट. मामी म्हणायची, "तीस वर्षं बँकेत शिक्के मारले, हाताला सवय लागलीय."

दिवसातून दोन-चार वेळा होणारा हा प्रकार महिन्याभरात तीस-चाळीस वेळा व्हायला लागला. मग विसरणं सुरू झालं. मंडईत गेलेला मामा बाजीराव रोडवरून फोन करून विचारायचा, "मी कशाला बाहेर पडलो होतो गं?" एका डॉक्टरांनी मानेचे मणके झिजलेत म्हणून पट्टा दिला. दुसऱ्यांनी फिटची गोळी दिली, तिने झोप तेवढी वाढली. रक्तात सोडियम कमी आलं, त्यावर "जेवणात मीठ वाढवा" असा सल्ला मिळाला. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढला तर तो स्वच्छ. शेवटी एका मेंदूविकारतज्ज्ञांनी मामीच्या मोबाइलमधला व्हिडिओ दोनदा बघितला, सोडियमचा रिपोर्ट पुन्हा मागून घेतला आणि म्हणाले, "ही फिटच आहे. पण बहुतेक ती यांच्याच प्रतिकारशक्तीने घडवलेली आहे. पाठीतलं पाणी तपासू या."

मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. तरी हे वाक्य ऐकून मी गोंधळलो. प्रतिकारशक्ती म्हणजे सर्दी-तापाशी लढणारी; तिचा आकडीशी काय संबंध? त्यानंतर दीड वर्ष जे वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून जे समजलं, ते इथे लिहितोय.

आधी आकडीविषयी. आकडी, फेफरं, मिरगी, अपस्मार, फिट. आपल्याकडे शब्द भरपूर आणि बहुतेक सगळे दबक्या आवाजात बोलले जाणारे. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. तो एकच एक आजार नाही. फिट हे लक्षण आहे, ताप हे जसं लक्षण असतं तसं. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने २०१७ मध्ये त्याच्या कारणांचे सहा गट मांडले: मेंदूच्या रचनेतला दोष, जनुकीय, जंतुसंसर्ग, चयापचयाचा बिघाड, प्रतिकारशक्तीचा बिघाड, आणि सहावा म्हणजे कारण न सापडलेला. पाचव्या गटाला असं स्वतंत्र घर मिळणं ही तशी अलीकडची गोष्ट.

आपल्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी असतात. रविवारी सकाळी मंडईत उभं राहिलं की जी गजबज ऐकू येते, तशी त्यांची रोजची अवस्था. कुणी कोथिंबिरीचा भाव करतंय, कुणी ओळखीच्याला हाक मारतंय, प्रत्येकाचं बोलणं वेगळं, आणि म्हणूनच काम चालतं. फिट येते तेव्हा एका भागातल्या पेशी वेगवेगळं बोलायचं सोडून एका ठेक्यावर येतात. ढोलपथकासारख्या. ठेका हाताचं नियंत्रण करणाऱ्या भागातच राहिला तर हात उडतो. सगळ्या मेंदूत पसरला तर माणूस कोसळतो.

गजबजीचा ठेका होऊ नये म्हणून मेंदूकडे रसायनं आहेत. दोन नावं लक्षात ठेवली तरी पुरे. ग्लुटामेट पेशीला चेतवतं, गाबा तिला शांत करतं. (ग्लुटामेट म्हणजे अजिनोमोटोतलंच, हो. पण खाल्लेलं ग्लुटामेट सहजासहजी मेंदूत शिरत नाही, त्यामुळे चायनीजच्या गाडीला इथे दोष देऊ नका.) मला रसायनाचा मास्तर म्हणून गंमत वाटते ती पुढची: गाबा ग्लुटामेटपासूनच बनतं. ग्लुटामेटच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू काढून टाकला की झालं गाबा. हे काम करणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) नाव जीएडी, आणि त्याला हाताशी ब-६ जीवनसत्त्व लागतं. चेतवणारं आणि शमवणारं, दोन्हींमध्ये एवढंच अंतर.

आता या पेशींच्या शेजारपाजाऱ्यांकडे बघू. आपण चेतापेशींचं इतकं कौतुक करतो की बाकीच्यांची नावंही कुणाला ठाऊक नसतात. त्यातल्या अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या ताराकृती पेशींचं काम आवराआवरीचं. बोलून झाल्यावर उरलेलं ग्लुटामेट उचलायचं, पेशींबाहेर साचलेलं पोटॅशियम शोषून घ्यायचं. घरी भांडी घासणाऱ्या मावशी दोन दिवस आल्या नाहीत की मोरीची जी अवस्था होते, तीच अ‍ॅस्ट्रोसाइटने काम सोडलं की मेंदूतल्या जागेची. ग्लुटामेट तसंच पडून राहतं आणि पेशींना पुन्हा पुन्हा डिवचत राहतं.

दुसऱ्या मायक्रोग्लिया. या मेंदूत मुक्कामाला असलेल्या प्रतिकारपेशी. एरवी त्या आपले बारीक फाटे हलवत आसपास चाचपत असतात, मेलेल्या पेशी खातात, नको असलेले जोड कापतात. जंतू आला, मार लागला, पेशी मेल्या, की त्या रूप बदलतात आणि सूज आणणारी रसायनं सोडतात. त्यातलं एक इंटरल्युकिन-१ बीटा. माझ्या मते या सगळ्या कथेचा सांधा इथे आहे. हे रसायन आहे प्रतिकारशक्तीचं, पण त्याचा हात पोचतो थेट ग्लुटामेटच्या दारापर्यंत. ग्लुटामेट ज्या दारांतून पेशीला चेतवतं, त्यांतल्या एका प्रकाराला एनएमडीए ग्राहक म्हणतात. इंटरल्युकिनमुळे त्या दाराच्या प्रथिनावर एक फॉस्फेटचा गट चिकटतो, दार जास्त उघडतं आणि पेशीत जास्त कॅल्शियम शिरतं. मिलानमधल्या अ‍ॅनामारिया वेझानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं काम करून हा धागा उलगडला. म्हणजे सूज आणि वीज ही दोन वेगळी खाती नाहीत.

लहान मुलांना तापात येणारी आकडी आठवून बघा. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती येते. ताप हे प्रतिकारशक्तीचंच काम, आणि ताप चढवणाऱ्या रसायनांत इंटरल्युकिन-१ बीटा आहेच. बहुतेक मुलांना पुढे अपस्मार होत नाही. आजी मंडळी घाबरून कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतात. पोराला बरं वाटतं, ठेवू द्या. पण तापाचं औषध वेळेवर दिलं की आकडी टळतेच, असं मात्र दिसलेलं नाही.

उलटही घडतं. लांबलेली फिट स्वतःच मेंदूत सूज आणते. दमलेल्या, दुखावलेल्या पेशी एचएमजीबी-१ नावाचं प्रथिन बाहेर टाकतात, मायक्रोग्लिया ते धोक्याची हाक समजतात आणि आणखी सूज आणणारी रसायनं सोडतात. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत सैल होते. या भिंतीचा पहिला सुगावा १८८५ मध्ये पॉल एर्लिख यांना लागला. प्राण्याच्या रक्तात रंग सोडला तर सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. ही भिंत झिरपायला लागली की रक्तातलं अल्ब्युमिन आत येतं, अ‍ॅस्ट्रोसाइट ते शोषतात आणि आवराआवरीचं काम सोडतात. मोरी पुन्हा तुंबली. फिटने सूज, सुजेने फिट.

सूज आणखी एक उद्योग करते. अन्नातून येणाऱ्या ट्रिप्टोफॅनपासून मेंदू सेरोटोनिन बनवतो. सूज असली की बरंचसं ट्रिप्टोफॅन दुसऱ्याच वाटेला वळतं, आणि त्या वाटेवर क्विनोलिनिक आम्ल तयार होतं. ते पुन्हा एनएमडीएचंच दार वाजवतं. अपस्माराच्या रुग्णांत उदासीनता इतकी का आढळते, याचं एक कारण इथे असावं, असं संशोधकांना वाटतं. घरच्यांनी "मन घट्ट कर" असं म्हणण्याआधी हे आठवावं.

आता कोबी.

हो, कोबीच. "कोबीतला किडा मेंदूत जातो" हे वाक्य पुण्यात ऐकलं नाही असा माणूस विरळा. कोबीत दिसणारी हिरवी अळी बिचारी निरपराध आहे. खरा गुन्हेगार डुकराच्या मांसातून येणारा फीतकृमी. कच्चं राहिलेलं असं मांस खाल्लेल्या माणसाच्या आतड्यात तो वाढतो, त्याची डोळ्यांना न दिसणारी अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि सांडपाण्यावर पिकवलेल्या भाजीतून, पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. म्हणून जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हे होऊ शकतं. अंड्यांतून निघालेल्या अळ्या रक्तातून मेंदूत पोचतात आणि तिथे गाठ करून बसतात. भारतात अपस्माराच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे.

यात प्रतिकारशक्ती कुठे आली? जिवंत अळी प्रतिकारशक्तीला इतकी बेमालूम चकवते की वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. ना सूज, ना फिट. अळी म्हातारी होऊन मरायला लागते, तिचं सोंग गळून पडतं, आणि मग प्रतिकारपेशी तिच्यावर तुटून पडतात. आजूबाजूचा मेंदू सुजतो आणि पहिली आकडी येते. एमआरआयमध्ये एक चमकणारं कडं दिसतं ते या लढाईचं. म्हणजे अळी सुखात होती तोवर माणूसही सुखात होता! म्हणूनच डॉक्टर कृमी मारणाऱ्या अल्बेंडाझोलबरोबर स्टेरॉइड देतात: अळी मारायची, पण तिच्या मरणावर उठणारा गदारोळ आवरायचा. आपल्याकडे बऱ्याचदा एकच गाठ असते आणि ती काही महिन्यांत आपोआपही विरते. क्षयाची गाठही फोटोत अशीच दिसू शकते, त्यामुळे निदान फोटो बघून घरी करू नये. आणि कोबी शिजवून खावा, बिनधास्त.

मामाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे बाहेरचा कुणी नव्हताच.

प्रतिकारशक्ती परक्याला ओळखून त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवते. ही ओळख चुकली तर अँटीबॉडी आपल्याच प्रथिनाला जाऊन चिकटते. माझ्या पिढीला याचं एक उदाहरण माहीत आहे, फक्त कारण माहीत नाही. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, ही धमकी आठवते? ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौलीत ती पद्धत बसवली. लशीबरोबर मेंदूची प्रथिनंही टोचली जायची, आणि क्वचित एखाद्याची प्रतिकारशक्ती रेबीजचा विषाणू सोडून मेंदूवरच उठायची. लकवा, बेशुद्धी, कधी मृत्यू. आपल्या देशात ही लस २००४ नंतर बंद झाली. हल्लीची लस पेशी वाढवून बनवतात, दंडात घेतात, तिच्यात हा धोका नाही. कुत्रा चावला तर ती घ्यायलाच हवी.

लशीशिवायही असं घडतं, हे ठसठशीतपणे समोर आलं २००७ मध्ये. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करणाऱ्या जोसेप दाल्माऊ यांनी काही तरुण स्त्रियांचा आजार उलगडला. आधी विचित्र वागणं, भास, संशय. मग फिट, तोंडाच्या चमत्कारिक हालचाली, बेशुद्धी. त्यांच्या रक्तात आणि पाठीतल्या पाण्यात एनएमडीए ग्राहकांविरुद्ध अँटीबॉडी सापडल्या. अनेकींच्या बीजकोशात एक गाठ होती आणि त्या गाठीत चेतापेशींसारखी ऊती होती. प्रतिकारशक्ती गाठीवर चालून गेली आणि तोच साचा मेंदूत दिसल्यावर तिथेही थांबली नाही. गाठ काढली, प्रतिकारशक्ती शमवली की बऱ्याच जणी हळूहळू माणसात आल्या. आपल्याकडे अशा किती मुलींना अंगात आलंय म्हणून देवाच्या दारात नेलं असेल, ते देवच जाणे. कॅलिफोर्नियात मेंदूज्वराच्या रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या एका प्रकल्पाने २०१२ मध्ये सांगितलं की तिशीच्या आतल्या रुग्णांत हा आजार कोणत्याही एका विषाणूपेक्षा जास्त वेळा सापडला.

बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातलं क्नूट नावाचं लाडकं पांढरं अस्वल २०११ मध्ये लोकांच्या डोळ्यांदेखत फिट येऊन पाण्यात पडलं आणि बुडालं. चार वर्षांनी कारण कळलं: हाच आजार.

इथे चौकस वाचक अडेल. एनएमडीए हे चेतवणारं दार. अँटीबॉडी चिकटल्यावर पेशी ती दारं आत ओढून घेते, म्हणजे दारं कमी होतात. मग चेतना कमी व्हायला हवी, फिट कशी येते? मीही अडलो होतो. एक मांडणी अशी आहे की शमवणाऱ्या, म्हणजे गाबा सोडणाऱ्या पेशींनाही कामाला लावायला ग्लुटामेटच लागतं. त्यांचीच दारं गेली की त्या गप्प बसतात आणि बाकीच्यांना आवरणारं कुणी उरत नाही.

मामाच्या तपासणीत सापडली ती अँटीबॉडी एलजीआय-१ या प्रथिनाविरुद्धची. दोन चेतापेशींच्या जोडाला हे प्रथिन टाक्यासारखं धरून ठेवतं. पेशी चेतल्यावर तिला पुन्हा निवांत करणारी पोटॅशियमची दारं जागेवर राहतात ती याच्यामुळे. टाका उसवला की पेशी निवांत होईनात. २०१० पर्यंत डॉक्टरांना वाटायचं की अँटीबॉडी पोटॅशियमच्या दाराविरुद्धच आहे. त्या वर्षी कळलं की निशाणा शेजारच्या एलजीआय-१ वर आहे. चेहरा आणि हात एकाच बाजूने क्षणभर आखडणं, दिवसात कितीतरी वेळा, पन्नाशी-साठीच्या पुढचं वय, रक्तातलं कमी सोडियम आणि ढासळती स्मृती, ही या आजाराची ठेवणच. ईईजीत बऱ्याचदा काही दिसत नाही. फिटच्या नेहमीच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत आणि स्टेरॉइड चालतं. हात उडतोय तेवढ्यातच ओळखलं तर स्मृतीची पडझड पुष्कळदा टाळता येते, म्हणून घाई करायची.

जीएडीविरुद्धच्या अँटीबॉडीही असतात, गाबा बनवणाऱ्या त्याच विकराविरुद्ध. हा विकर स्वादुपिंडातही असतो, त्यामुळे टाइप १ मधुमेहाच्या अनेकांत या अँटीबॉडी थोड्या प्रमाणात सापडतातच आणि त्यांचा फिटशी संबंध असेलच असं नाही. प्रमाण खूप जास्त असेल तर मेंदूचा विचार करतात.

उपचार ऐकायला सरळ आहेत. शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन, बहुधा रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस. नाहीतर हजारो दात्यांच्या रक्तातून वेगळं काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन, नाहीतर रक्तद्रव बदलणं. एवढ्याने भागलं नाही तर रिटुक्सिमॅब, जे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींची पुढची फळीच कापतं. इम्युनोग्लोब्युलिनचं बिल बघून मामीने कपाळाला हात लावला होता. ते फार महाग असतं. स्टेरॉइडने साखर वाढते, झोप उडते, माणूस चिडचिडा होतो. मामा आधीच पुणेरी, त्यात हे.

पण हे वाचून आपल्या घरातल्या प्रत्येक फिटला हा हिशेब लावू नका. बहुतेकांचा अपस्मार या गटातला नसतो, आणि दर तिघांतल्या साधारण दोघांची फिट नेहमीच्या गोळ्यांनीच आटोक्यात राहते. त्या गोळ्या मनाने बंद करणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रयोग. डॉक्टरांना वेगळी शंका यावी अशी चित्रं ठरावीक आहेत: आधी धडधाकट असलेल्या माणसाला अचानक रोज ढिगाने फिट, काही आठवड्यांत बदललेला स्वभाव किंवा स्मृती, गोळ्यांना दाद न देणं. आणि स्वारगेटच्या स्टँडवर कुणी कोसळलं तर चप्पल, कांदा, चमचा काही नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. करोनानंतर "इम्युनिटी वाढवा" हा मंत्र घरोघरी झाला. काढे, गुळवेल, चूर्णं. मामाही दोन वर्षं रोज सकाळी गुळवेलीचा काढा घ्यायचा. त्यानेच हे झालं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण प्रतिकारशक्ती म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, की जितकी भरेल तितकं बरं. तिचं अर्धं काम कुणाला सोडून द्यायचं हे ओळखणं आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृतात प्रतिकारशक्तीनेच आणलेली सूज नोंदवली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद चालू राहील. ज्याची प्रतिकारशक्ती एकदा स्वतःवर उलटली आहे, त्याने काढ्याविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावं, एवढं तरी दोन्ही बाजू मान्य करतील.

मामाचा हात तिसऱ्या इंजेक्शननंतर उडायचा थांबला. स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन् महिने कमी करत आणल्या. स्मृती बरीचशी परत आली, पण आजारातले तीन महिने साफ गेले. त्या वर्षीच्या गणपतीत घरी कोण कोण येऊन गेलं हे तो अजून मामीला विचारतो. मामी सांगते. मग तो विचारतो, "आणि मोदक किती केले होते?" चहा अजून बशीतूनच पितो. मोबाइलमधला तो व्हिडिओ मामीने पुसलेला नाही. दर तपासणीला जाताना डॉक्टरांना दाखवायला म्हणून मोबाइल चार्ज करून नेते.